दाबनियंत्रणाची पर्यायी व्यवस्था

हवेच्या कॉम्प्रेसरने दाब आठ बार झाला की आपोआप बंद व्हावं, असा नियम आहे. सूनबाईंच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर मंगळवारी आठला थांबला नाही. काटा नऊवर गेला, दहाला सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळला आणि सूनबाईंनी हातातली स्प्रे गन टाकून प्लग उपटला. जुन्या खुर्च्या रंगवून विकणं हा त्यांचा घरगुती धंदा. उद्या व्हॉल्व्हही अडकला आणि टाकी फुटली, तर खुर्चीसोबत आपणही भिंतीला चिकटणार, एवढं विज्ञान त्यांना पक्कं येत होतं.

त्यांनी सेवाकेंद्राला फोन लावला.

"मशीन चालू होत नाहीये का, मॅडम?"

"होतंय. बंद होत नाहीये."

"अशी तक्रार आमच्याकडे बसत नाही हो. बंद पडलं असतं तर आज माणूस पाठवला असता. चालू मशीनला पुढचा आठवडा."

नवऱ्याला यात काही अवघड दिसेना. "तोवर कोणीतरी काट्याकडे बघत बसायचं आणि आठला प्लग काढायचा. त्यात काय एवढं?"

"कोणी बसायचं?"

दोघांनी एकदमच अप्पांकडे पाहिलं. सासरे निवृत्त झाल्यापासून घरात कोणाचंच काही त्यांच्या संमतीवाचून अडत नव्हतं, आणि हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्यांनी पेपर खाली ठेवला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि ते गॅरेजमध्ये दाबनियंत्रक म्हणून रुजू झाले.

विकायच्या खुर्च्यांतली सर्वांत चांगली त्यांनी घेतली. खुर्ची आली म्हणून टेबल आलं, टेबल आलं म्हणून घंटी आली.

"अप्पा, काटा आठवर आलाय!"

"दिसतंय मला. तोंडी सांगण्यावरून मी प्लग काढत नसतो."

"मग कशावरून काढता?"

"खात्री पटल्यावरून." त्यांनी चष्मा पुसला, काटा पुन्हा पाहिला, घंटी वाजवली आणि प्लग काढला. तोवर नऊ झाले होते.

गुरुवारी जेवणानंतर अप्पांना डुलकी लागली आणि व्हॉल्व्ह पुन्हा किंचाळला. चौकशी अप्पांनीच केली. दाबनियंत्रकावर कोणाचीच देखरेख नसल्यामुळे हा प्रकार घडला, असा परखड निष्कर्ष त्यांनी काढला. लगेच सासूबाईंची नेमणूक झाली. त्यांनी काट्याकडे बघायचं नव्हतं, अप्पांकडे बघायचं होतं.

"लग्न झाल्यापासून तेच करतेय," दुसऱ्या खुर्चीत ऐसपैस बसत सासूबाई म्हणाल्या. "आता बसायला तरी मिळालं."

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक आला. त्याने टाकीतली हवा सोडली, मशीन आपोआप बंद करणारा प्रेशर स्विच उघडला आणि एका बारीक भोकाकडे बोट दाखवलं. "गंजाने बुजलंय. टाकीत किती दाब आहे ते स्विचपर्यंत पोचतच नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

सूनबाईंना हायसं वाटलं. मग त्यांची नजर अप्पांवर गेली. अप्पांचा चेहरा पडला होता आणि हात घंटीवर तसाच राहिला होता.

"करून टाका," सूनबाई ठामपणे म्हणाल्या, आणि मग स्वतःच्याही नकळत पुढे म्हणाल्या, "अप्पा इथे बसतीलच. स्विच नीट बंद होतोय की नाही, हे बघायला कोणीतरी हवंच ना!"

अप्पा खुलले. संध्याकाळी मशीन सुरू झालं, काटा चढला, आणि आठला स्विच टक् करून बंद झाला. अगदी बिनचूक. अप्पांची घंटी वाजायच्या आत.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा अप्पांनी सातलाच प्लग काढला.

"अप्पा, सात बारला रंग थुंकल्यासारखा उडतो हो!"

"आठला स्विच बंद करतो," अप्पा शांतपणे म्हणाले. "मग मी कधी करायचं?"

तेव्हापासून प्लग सातलाच निघतो. स्विच अजून ठणठणीत आहे. त्याला काम उरलेलं नाही, इतकंच. खुर्च्यांवर मात्र हल्ली रंगाचे फोड येतात, आणि ते आलेत की नाहीत हे तपासायला नवऱ्याने नोकरीतून लवकर निवृत्ती घ्यायचं मनावर घेतलं आहे.

तुम्ही हसताय. खुशाल हसा. पण परवा ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत काढून ती तुम्ही निमूटपणे कोणाच्या तरी टेबलावर नेऊन दिलीत ना? आणि त्या टेबलामागे तुम्हीच बसत असाल, तर अप्पांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.