उदाजीची खाजगी आडवाट

एका बेटावर एक जंगल होतं आणि जंगलाच्या पोटात एक तळं होतं. बसा नीट. मांडी घाला. शेळी बोलते कशी, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं आत्ताच उठून बाहेर जावं. तुमच्या घरच्या टीव्हीवर याहून मूर्ख प्राणी बोलतात, त्यांना तुम्ही काही विचारत नाही.

तर त्या बेटावर किनाऱ्यापासून तळ्यापर्यंत एक सरळ पायवाट होती. फणसाच्या सावलीतून जाणारी. सकाळी निघालं की न्याहारीला तळ्यावर. ती कुणी बांधली नव्हती. पाय पडत गेले, वाट होत गेली. बांधलेल्या वाटेचं आधी उद्घाटन होतं आणि मग खड्डे होतात. हिचं उद्घाटन झालं नव्हतं, म्हणून ती चांगली होती.

त्या बेटावर उदाजी नावाचं एक उदमांजर राहायचं. अंगानं लांबुडकं, मिशीला तेल, आणि नजर सदा दुसऱ्याच्या ताटात. समुद्रापलीकडून पाहुणे यायला लागले तसा उदाजी एक दिवस कासवपाटलांकडे गेला. कासवपाटील म्हणजे बेटाचे कारभारी.

"पाटील, ही सरळ वाट बेटाचं नुकसान करतेय."

"ती कशी?"

"सरळ वाटेनं पाहुणा पोचतो. पोचला की बघतो. बघितलं की परत जातो."

"मग करायचं काय?"

"पोचू द्यायचं नाही."

कासवपाटलांना हे फार पटलं. उभ्या जन्मात ते स्वतः कुठे वेळेवर पोचले नव्हते. आपल्या या गुणाला विकास म्हणतात हे कळल्यावर त्यांची मान कवचातून चांगली वीतभर बाहेर आली.

सरळ वाट बंद झाली. तोंडाशी काटेरी कुंपण घालायचं ठरलं होतं. पण काटे गोळा करायचा कंटाळा, म्हणून एक साळिंदरच आणून आडवं बसवलं.

मग उदाजीनं आडवाट काढली. ती सरळ वाटेभोवतीच वेटोळी घालत जायची. चिखलातून, ओढ्यातून, दगडांवरून. जिथे ती सरळ वाटेला ओलांडायची तिथे उदाजी पाहुण्यांना उलट्या बाजूचं एखादं झाड दाखवायचा. किनाऱ्यावर त्यानं पाटी लावली: 'उदाजीची खास खाजगी आडवाट सफर. आम्ही तुमची वाट लावतो.'

हसू नका. बेटावर कुणी हसलं नव्हतं. पाटी खरं बोलते याची सवय कुणाला असते?

सफरीला वाहन हवं, म्हणून भैरू रेड्याच्या पाठीवर वेताचा हौदा बांधला. उदाजी पाहुण्यांना सांगायचा, "फोर बाय फोर आहे साहेब. पुढे दोन पाय, मागे दोन पाय. चारही चालू."

भैरू बिचारा गुणी. एके काळी त्याच्या पाठीवर पाण्याचा हंडा ठेवला तर थेंब सांडायचा नाही. पण उदाजीनं त्याला नवी सवय लावली. धक्का बसला की पेंड. पाहुणा किंचाळला की गूळ. तेव्हापासून भैरू खड्डा शोधून पाय घालायला लागला. कुणाला नावं ठेवायची? गूळ गोडच असतो.

आता हौसाकडे येऊ. हौसा नावाची शेळी किनाऱ्यावर सासरी नांदत होती. माहेर तळ्याकाठी. दिवस भरत आले होते, पहिलटकरीण होती. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज बेटावरही होता. त्याचं कारण पुस्तकात काही का लिहिलेलं असेना, खरं कारण मी सांगते. कळा येताना जिला शिव्या द्यायच्या, ती बाई आपली आई असलेली बरी.

हौसा सकाळी निघाली. नवराही सोबत निघाला होता, पण त्याला वाटेत पाला दिसला. बोकडांचं असंच.

वाटेच्या तोंडाशी साळिंदर.

"ताई, पुढे जायचं नाही. हुकूम आहे."

"अरे मेल्या, माझं पोट बघ."

"बघितलं. पोटाबद्दल हुकमात काही नाही."

आडवाटेनं चालत जावं तर अंधार पडेल, आणि पोटातली करडं काही अंधाराची वाट बघणारी नव्हती. हौसा तशीच उदाजीकडे गेली.

तिथे त्या दिवशीचे पाहुणे हौद्यात चढत होते. शहरातली कबुतरं. पारवेसाहेब आणि पारवेबाई. समुद्र ओलांडून उडत आले होते आणि आता तळं बघायला रेड्यावर बसत होते.

"पंख आहेत की तुम्हाला," हौसा म्हणाली. "दोन फडफडाटांत पोचाल."

पारवेबाईंनी मान मागेपुढे केली. "उडून काय बघायचं? वरून सगळं नुसतं दिसतं. अनुभव नाही येत."

"उदाजीभाऊ, मला तेवढं तळ्यापर्यंत न्या. कोपऱ्यात बसते."

"सफर खाजगी आहे आमची," पारवेसाहेब घाईनं म्हणाले. "आम्हाला इथलं लोकजीवन बघायचंय. लोक नकोत."

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. उदाजीनं मिशीवरून पंजा फिरवला. "साहेब, ही लोकांत मोडत नाही. ही सफरीतच येते. अस्सल स्थानिक शेळी, गाभण. हात लावून बघा."

पारवेबाईंनी हौसाच्या पोटाला पंख लावला. "अय्या, आत खरंच हलतंय!"

हौसाला असा राग आला की शिंगं तापली. पण तिनं तो गिळला आणि हौद्यात चढली. आई गाठायची असली की बाई काहीही गिळते.

सफर सुरू झाली. पहिला आला चिखल पॉइंट. भैरूनं नेम धरून पाय घातला. पारवेसाहेब किंचाळले. भैरूला गूळ.

"किती थरारक!" पारवेबाई चोचीतला चिखल थुंकत म्हणाल्या.

मग दगड पॉइंट. मग कॉफी पॉइंट. या कॉफीचं असं होतं की उदाजी आधी कॉफीची फळं खायचा. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही आत्ताच जेवून आलात. नंतर झाडामागून बिया आणायच्या, भाजायच्या आणि पाहुण्यांना नारळाच्या करवंटीतून पाजायचं.

"मातीचा काय सुगंध आहे!" पारवेसाहेब म्हणाले.

"माती नाही ती," भैरू पुटपुटला. उदाजीनं त्याच्या तोंडात पेंड कोंबली.

इकडे हौसाला कळा सुरू झाल्या. प्रत्येक खड्ड्यागणिक पोट खाली सरकत होतं.

"मामा," ती भैरूच्या कानाशी म्हणाली, "सरळ वाटेला वळा हो. मला आईकडे जाऊ द्या."

"पोरी, मी वळेन. पण लगाम त्याच्या हातात आहे."

"उदाजीभाऊ, पाया पडते!"

"अजून ओढा पॉइंट राहिलाय," उदाजी म्हणाला. "मग वारूळ पॉइंट. पाहुण्यांचा हिरमोड करून चालत नाही. आणि जरा मोठ्यानं कण्ह, साहेबांना मागे ऐकू येत नाही."

हौसा रडकुंडीला आली. "आई वाट बघत असेल हो माझी!"

पारवेबाईंची मान एकदम वळली. "कुठली वाट?"

आता हे समजून घ्या. ही कबुतरं उंच इमारतीच्या एसीवर अंड्यातून निघालेली. मराठी बोलायची, पण सणासुदीला. आणि त्या इमारतीत कुणी कधी कुणासाठी दारात उभं राहिलेलं त्यांनी बघितलंच नव्हतं. मग हे बोलणं त्यांच्या कानावर येणार कुठून?

"कुठली म्हणजे? माझी!" हौसा कळवळून म्हणाली.

"तुमची स्वतःची? म्हणजे खाजगी?"

"अहो, माझी आई माझीच वाट बघणार ना? शेजारणीची बघेल?"

"आणि केव्हापासून बघतायत?"

"होळीपासून."

"रोज?"

"रोज. उन्हात उभी राहून. डोळ्यांत प्राण आणून बघते माझी माय."

"अहो, ऐकलंत का?" पारवेबाईंनी नवऱ्याला चोच मारली. "ती बाई होळीपासून रोज बघतेय, तरी तिचं मन भरत नाही. आणि आपल्याला हे गृहस्थ चिखल दाखवतायत!"

पारवेसाहेबांची मान फुगली. "काय हो उदाजी? चांगलं ते स्थानिकांना, आणि उरलंसुरलं आम्हाला?"

"साहेब, ती बोलायची पद्धत झाली. वाट बघणं म्हणजे—"

"आम्हाला भाषा शिकवू नका! आत्ताच्या आत्ता ती वाट दाखवा. नाहीतर शहरातल्या सगळ्या वळचणींना सांगेन की उदाजी पाहुण्यांपासून वाट लपवतो."

हौसा अडाणी असेल, मूर्ख नव्हती. एक कळ ओसरून दुसरी यायच्या आत तिला सगळं उमगलं.

"बाई, दाखवतील ते," ती दात आवळून म्हणाली. "पण लवकर चला. मी एकदा व्याले की आई बघायची थांबते. मग उरलं काय बघायला?"

"चला, चला!" दोन्ही कबुतरं हौद्यात पंख आपटायला लागली.

उदाजीचा नाइलाज झाला. गिऱ्हाईकापुढे शहाणपण चालत नाही. त्यानं लगाम ढिला सोडला.

भैरू सरळ वाटेला लागला. आणि काय सांगू, त्याच्या पायांना सगळं आठवलं. फणसाच्या सावलीतून तो असा निघाला की हौद्यात पाण्याचा हंडा असता तर थेंब सांडला नसता. धक्का नाही की खड्डा नाही. पेंड नाही की गूळही नाही. त्यानं मागितलाही नाही.

तळ्याकाठी हौसाची आई उभीच होती. म्हातारी शेळी, मान उंच, नजर वाटेवर.

"आलीस का गं बये!" म्हणत ती धावली. लेकीला खाली उतरवून तिनं गवतात नेलं. पारवे पतिपत्नी मात्र म्हातारी जिथे उभी होती बरोब्बर त्याच जागी जाऊन उभे राहिले आणि वाट बघायला लागले.

वाटेवर काही नव्हतं. एक पान पडलं, तेवढंच.

"शांत आहे," पारवेसाहेब म्हणाले.

"खोल आहे," पारवेबाई म्हणाल्या.

त्यांच्या पाठीमागे हौसानं आईच्या नावानं सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दोन करडं जन्माला घातली. एक काळं, एक कबरं. धडपडत उठलीसुद्धा. कबुतरांनी वळून बघितलं नाही. ती वाट बघत होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण कबुतरं शहरात गेली आणि घुमायला लागली. वळचणीवळचणीतून बातमी गेली की त्या बेटावर एक वाट आहे, बघतच राहावी अशी. मग थव्यांवर थवे आले. उदाजीनं रातोरात जुनी पाटी काढून नवी लावली: 'उदाजीची वाट बघा.' सरळ वाटेच्या दोन्ही कडांना ओंडके मांडले. ओंडक्यांवर कबुतरं. करवंटीतून कॉफी.

करडं उड्या मारायला लागली तशी हौसा सासरी निघाली. वाटेला लागते तोच उदाजी आडवा आला.

"इथून नाही जायचं. वाट बघायची असते, तुडवायची नसते. पाऊल उमटलं की देखावा बिघडतो."

"मग मी घरी जाऊ कशी? पोरं अजून इवलीशी आहेत माझी."

"आडवाट आहे ना, मोकळीच."

हौसानं चिखलाकडे बघितलं. करडांच्या काडीसारख्या पायांकडे बघितलं. मग ओंडक्यांवरच्या कबुतरांकडे बघितलं. गयावया एकदा करून झाली होती. दुसऱ्यांदा करणारी ती नव्हती.

तिनं करडांना जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "चला रे बाळांनो, ही काय, पाहुण्यांना दाखवायची वाट. आपण खरीकडे जाऊ."

एक मान वळली. मग सगळ्याच वळल्या.

"खरी कुठे आहे?"

"छे, छे. तुम्हाला नाही सांगता येणार," हौसानं आडवाटेकडे चोरून बघितल्यासारखं केलं. "खाजगी आहे ती."

झालं! असा फडफडाट उठला की फणसाची पानं झडली. "खाजगी! खाजगी!" घुमत अख्खा थवा चिखल पॉइंटकडे गेला. एकाही कबुतराला वरून बघायचं सुचलं नाही. सगळी पायी गेली, अनुभव यावा म्हणून.

"अहो साहेब! कॉफी राहिली!" ओरडत उदाजी त्यांच्यामागे धावला आणि पोटापर्यंत रुतला. तोंडाशी बसलेलं साळिंदरही उठून पळालं. इतके जण जातायत तर काहीतरी असणारच, असं त्यालाही वाटलं.

सरळ वाट रिकामी झाली. हौसा करडांना घेऊन सावली-सावलीनं चालत गेली आणि न्याहारीच्या वेळी सासरी पोचली. नवरा पाला खात होता. त्यानं विचारलं, "आलीस? त्रास नाही ना झाला वाटेत?"

*तात्पर्य:* आपण नेहमी सरळ मार्गानेच जावे. मात्र निघण्याआधी बाकीच्यांना आडवाटेला लावून यावे, कारण सरळ मार्ग फार अरुंद असतो.