कोरड्या खुर्चीचं गाऱ्हाणं

राग पहिला

पत्र्याची पेटी घेऊन मथुरा इंग्रजी निवासात शिरली, खिडकीजवळची खाट पकडली, गादीवर चादरसुद्धा घातली. तेवढ्यात वॉर्डन सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, की तुझं नाव इथे नाही, तू सागर निवासात.

"ते कशावरून?"

"आरोंद्याची ना तू? वडील होडीवर जातात ना?"

झालं. मथुराने चादर ओढून काढली आणि पेटी अशी उचलली की तिची एक कडी हातात आली.

सड्यावरच्या, उघड्या कातळमाथ्यावरच्या, या मिशनच्या कॉलेजात त्या वर्षी नवीनच प्रकार सुरू झाला होता. प्रिन्सिपॉल फादर साल्ढाणा मूळचे मंगळूरचे, मराठी शिकले पुण्यात, तेही पुस्तकांतून. परदेशातली कॉलेजं पाहून ते नुकतेच परतले होते. तिकडे म्हणे पहिल्या वर्षाची मुलं एकेक विषय घेऊन एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि जेवताजेवता शिकतात. मग इकडे मुलींच्या वसतिगृहाचे चार भाग झाले. सेवा निवास, वनस्पती निवास, इंग्रजी निवास, सागर निवास. प्रत्येक निवासात त्या विषयात जन्मलेली एक मुलगी हवी, असं फादरांचं मत. बाकीच्या तिच्याभोवती वाढतील. सागर निवासातल्या बाकीच्या मुली म्हणजे तहसीलदार कचेरीतल्या कारकुनांच्या, शिक्षकांच्या आणि दुकानदारांच्या. समुद्रात जन्मलेली एकच, मथुरा.

आणि मथुरा इथे आली होती ती समुद्रातून बाहेर पडायला.

तिला काय हवं होतं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचा राग कळेल. आरोंद्याच्या खाडीपलीकडे गोवा. गोव्यात हॉटेलं उभी राहत होती. एकदा आईबरोबर मासे पोचवायला गेली असताना मथुराने अशा एका हॉटेलात टेबलामागे बसलेली मुलगी पाहिली होती. ती मुलगी टेलिफोनवर इंग्रजी बोलत होती, आणि तिचे कपडे कोरडे होते. दुपार झाली होती, तरी कोरडे. मथुराच्या आठवणीत तिच्या घरातल्या कुणाचेही कपडे दुपारपर्यंत कोरडे राहिले नव्हते. तेव्हापासून तिला ती खुर्ची हवी होती. खुर्चीला इंग्रजी लागतं. इंग्रजी इंग्रजी निवासात होतं. सरळ हिशेब.

राग दुसरा

ती फादरांकडे गेली. ऑफिसात बोलायची मराठी तिने वाटेत जुळवून ठेवली होती, पण संतापात तिचा निम्मा भाग सांडला.

"मला समुद्र नको. मला तो येतो. जे येतं ते शिकायला फी कित्याक... कशाला भरायची?"

फादर हसले. रागावलेल्या माणसाकडे बघून हसायची त्यांना वाईट सवय होती. "मथुरा, तू त्या निवासाचं मूळ आहेस. मूळ उपटलं तर झाड वाळेल."

"वाळूदे."

"किती खोल बोललीस," फादर म्हणाले.

राग चौथा

(तिसरा मेसच्या आमटीवरचा होता. तो इथे सांगण्यासारखा नाही.)

आता मथुराने बंड करायचं ठरवलं. सागर निवासात दर आठवड्याला माशांचा अभ्यास असे. टोपली यायची, मुली मासे ओळखायच्या, चित्रं काढायच्या, मग अभ्यास स्वयंपाकघरात जायचा. मथुराने तोंड उघडायचंच नाही असं ठरवलं. बांगडा समोर धरला तरी ती भिंतीकडे बघत बसली. मुली रडकुंडीला आल्या. सावंतवाडीच्या मास्तरांची सुनीती तिच्या शेजारच्या खाटेवर झोपायची. तिने हळूच विचारलं, "मथुरा, ह्यो जिवंत आसा काय गो?"

"तुझ्यापेक्षा जास्त," मथुरा म्हणाली.

फादरांना वाटलं, समुद्राचं गांभीर्य या मुलीत उतरलं आहे. त्यांनी तिच्या मौनाचं सभेत कौतुक केलं. तिने रागाने दार आपटलं, तर म्हणाले, भरतीसुद्धा अशीच येते. शेवटी तिने सांगून टाकलं, की मला होडी लागते, मला पाण्याची भीती वाटते, मासळीच्या वासाने मला ओकारी येते. तिन्ही गोष्टी धादांत खोट्या. फादरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. भीती असूनही इथे राहतेस, हे फार मोठं आहे, म्हणाले.

या माणसाशी भांडता येत नव्हतं. वाळूला लाथ मारावी तसं व्हायचं.

पण एकदा ते स्वतःच बोलून फसले. म्हणाले, निवासांचं उद्घाटन पंधरवड्याने आहे, सगळ्यांचे पालक येतील. तुझ्या पालकांनी सगळ्यांसमोर, देवाच्या साक्षीने सांगितलं तर मी निवास बदलून देईन. देवापुढचा शब्द मी मोडत नाही.

मथुराने एसटीच्या कंडक्टरबरोबर आईला निरोप पाठवला. उद्घाटनाला ये. उभी ऱ्हव. इतकंच सांग, माझ्या चेडवाक इंग्रजी निवासात घाला. दुसरा काय बोलू नको.

तिची आई गंगू दुसरं काही बोलणारी नव्हतीच. बाजारात ती दिवसभर बोलायची, पण ते माशांबद्दल.

उद्घाटनाचा राग (याला नंबर पुरत नाही)

गंगू पहिल्या एसटीने आली. रिकाम्या हाताने कुणाकडे जायची रीत तिच्याकडे नव्हती, म्हणून बांगड्यांची टोपली घेऊन आली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. मथुरा तेव्हा मांडवात खुर्च्या लावत होती. तिची आणि आईची गाठ पडली ती थेट मांडवात, गर्दीच्या दोन टोकांना. गंगूने लांबून मान हलवली. सगळं ध्यानात आहे, अशी. मथुराला इथे आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

फादर प्रार्थनेला उभे राहिले. समोर आरोंदा, वेंगुर्ले, सावंतवाडीकडची माणसं. बहुतेकांनी आयुष्यात चर्च बाहेरूनच पाहिलेलं. फादरांनी हात पसरले, आवाज चढवला आणि एकेक वाक्य तोडत म्हणाले, "हे दयाघन परमेश्वरा, तुझी लेकरं आज या अंगणात एकत्र आली आहेत."

हात पसरलेला माणूस देवाशी मोठ्याने बोलतो आणि वाक्यावाक्याला थांबतो, याचा अर्थ या भागात एकच, सगळ्यांनी मिळून देवाला घातलेलं साकडं. गाऱ्हाणं. आणि गाऱ्हाण्यात समोरचा थांबला की आपण गप्प राहायचं नसतं. मागून एका म्हाताऱ्याने साद दिली, "व्हय म्हाराजा."

फादर दचकले. पुढचं वाक्य म्हणाले. या वेळी अर्धा मांडव होता. तिसऱ्याला सगळा. फादरांचा चेहरा उजळला. इतकी भक्ती त्यांनी मंगळुरातही पाहिली नव्हती. ते प्रार्थना वाढवत गेले. पाऊस, विद्यापीठ, ग्रंथालयाचं छप्पर, सगळं देवाच्या कानावर घातलं आणि सगळ्याला मांडवाने होकार दिला. मग ते म्हणाले, आता पालकांनी बोलावं.

गंगू उठली. माणसांसमोर भाषण करणं तिला ठाऊक नव्हतं. देवासमोर काय करायचं असतं, ते नुकतंच फादरांनी करून दाखवलं होतं. तिने डोक्यावर पदर घेतला, मांडवातल्या क्रुसाकडे तोंड केलं आणि हात जोडले. बाईमाणूस गाऱ्हाणं घालतंय म्हणून पुढचे दोन म्हातारे चुळबुळले, पण तोवर तिने सुरुवात केली होती.

"बा देवा म्हाराजा, तू खंयचो, कोणाचो, तां माका ठावक नाय. पण ह्या जाग्यार तुझी वस्ती आसा, म्हणान तुकाच सांगतंय."

व्हय म्हाराजा.

"आज जो काय समाज हंय जमलो आसा, तेका सुखी ठेव."

व्हय म्हाराजा.

"ह्या फादराक बायल नाय, पोरां नाय. तेका तूच सांभाळ."

व्हय म्हाराजा. (फादरांनी मान खाली घातली.)

"माझ्या चेडवाच्या मनात लय राग आसा. तो तुका दिसताहा."

व्हय म्हाराजा. मथुराचा आवाज आता सगळ्यांच्या वर होता. आई जमवत आणत होती. पुढचंच वाक्य.

"तेका तू सागर निवासात घातलंस. थंयच ऱ्हवांदे. वर्सभर थंयसून हलूक देऊ नको."

"व्हय म्हाराजा!"

मांडव म्हणाला. आणि मांडवापेक्षा अर्धा क्षण आधी, सगळ्यांत खणखणीत, मथुरा म्हणाली. लहानपणापासून जत्रेत, देवळात, होडी पाण्यात लोटताना तोंडाला वळण पडलेलं. आई थांबली की तोंड उघडायचं. अर्थ मागाहून पोचला, आणि तोवर शब्द देवाकडे गेला होता.

फादर गहिवरले. "मुलीने स्वतः होकार दिला," ते म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या.

उरलेला सगळा राग, एकदम

मांडवामागे मथुराने आईला गाठलं. तिने काय काय विचारलं ते लिहिता येण्यासारखं नाही. गंगू शांतपणे पदराने मान पुसत होती. सकाळी बांगडे बघून सिस्टर खूष झाल्या होत्या. सागर निवासाच्या अभ्यासाची मासळी यापुढे गंगूनेच आणायची, असं तिथल्या तिथे ठरलं होतं.

"दर आठवड्याक येयन गो मी. तू इंग्रजीत गेलंस तर तुका भेटाक माका कोण आत सोडतलो?"

मथुरा हे ऐकायला तयार नव्हती. तेवढ्यात फादर अभिनंदन करायला आले. हसत. मथुरा आईकडून त्यांच्याकडे वळली. आईसमोर बोलायचं आणि आईला कळू द्यायचं नाही, तर एकच भाषा उरत होती. ती तिच्याजवळ फारशी नव्हती. जेवढी होती तेवढी सगळी तिने फादरांच्या अंगावर ओतली.

"आय डू नॉट वॉन्ट फिश. ऑल माय लाइफ फिश. आय वॉन्ट ड्राय चेअर. आय वॉन्ट ड्राय क्लोद्ज. यू आस्क माय मदर. यू आस्क गॉड. यू डू नॉट आस्क मी."

फादरांचं हसू गेलं. क्षणभर वाटलं, की या माणसाला शेवटी ऐकू आलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"एवढ्या दिवसांत," ते म्हणाले. "इंग्रजी निवासातली एकही मुलगी इतकं सलग बोललेली नाही. मथुरा, तुला तिथे शिकण्यासारखं आता काहीच नाही." ही बातमी सिस्टरना सांगायला ते जवळजवळ धावतच गेले. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या सगळ्याच मुलींना सागर निवासात घालावं, असं जाताजाता म्हणाले.

गंगू इतका वेळ तोंड उघडं टाकून मुलीकडे बघत राहिली होती.

"काय सांगलंस गो तेंका?"

मथुराने आईकडे पाहिलं. पदर ओला, परकर ओला, हाताला खवले. आणि तोंडावर असा अभिमान, की त्याच्यावर रागवायलाही जागा नव्हती.

"तुझे बांगडे ताजे आसतत, असां सांगलंय."

"तां सांगूक इंग्लिशीत इतक्या बोलूक लागता?"

"लागता."

"आणि डोळ्यांत पाणी कित्याक?"

"इंग्लिश बोलताना येता."

गंगूने थोडा विचार केला, रिकामी टोपली काखेला लावली आणि एसटीच्या दिशेने निघताना समाधानाने म्हणाली, "मगे तुका त्या इंग्लिशीच्या घरात ठेवक नाय, तां बरांच झाला."