कोचच्या वाट्याच्या बिया

आमच्या शेजारच्या ढोमणे सरांसमोर चुकूनही कुणाचं कौतुक करू नका. करायचंच असेल तर सोबत एक संत्रं घेऊन जा. कारण सर आधी संत्रं सोलणार, फोडी सुट्या करून ताटलीत ओळीनं मांडणार आणि मग ते कौतुक वाटायला बसणार. कोणाच्या नावावर किती फोडी, हे ठरेपर्यंत तुम्हाला उठता येत नाही. मी एकदा उठायला गेलो, तर "बस गा, अजून रेफरी राहिला ना!" म्हणून त्यांनी माझा सदरा धरून ठेवला.

बरं, संत्र्याचा हंगाम संपला म्हणून सुटका होईल असंही नाही. माझी मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. मी मोठ्या हौसेनं पेढे घेऊन गेलो. संत्री नव्हती, तर सर आत जाऊन लसणाचा गड्डा घेऊन आले.

"दहा पाकळ्या निघाल्या. चार पोट्टीच्या. दोन तिच्या मायच्या, पहाटे उठवत होती म्हणून. एक ट्यूशनवाल्याची. दोन तुझ्या टीव्हीच्या."

"टीव्हीच्या?"

"ऐन अभ्यासाच्या वेळी बिघडला होता ना तो? त्याचं काहीच नाही का?"

एक पाकळी उरली होती. मी जरा सावरून बसलो. बाप म्हणून निदान एक तरी! सरांनी ती उचलली, विचार केला आणि म्हणाले, "ही पेपर तपासनाऱ्याची. त्या दिवशी त्याची बायको त्याच्याशी बरी बोलली असन."

"आणि माझं काय, सर?"

त्यांनी लसणाची सालं माझ्या हातात दिली. घरी आलो तर माझ्या हातांना आणि उरलेल्या पेढ्यांना एकच वास येत होता. बायकोनं विचारलं, तर काय सांगणार, कपाळ?

ढोमणे सर एका शाळेत पी.टी. शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या भागातल्या क्लबचे फुटबॉल कोच असायचे. आता वय सत्तरीच्या पुढे. मुलगा पुण्याला, पत्नी गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मानेवाड्याकडच्या आमच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात, आणि अजूनही कुणी रस्त्यातून चप्पल घासत चाललं की वरून ओरडतात, "पाय उचल बे!" माणूस साठ वर्षांचा असला तरी पाय उचलतो.

त्यांचा क्लब गाजला तो बचावासाठी. गोल करणारे क्लब नागपुरात पैशाला पासरी होते. गोल होऊ न देणारा हा एकच. एका वर्षी तर या पोरांनी सेमीफायनलपर्यंत एकही गोल खाल्ला नाही. आमच्या भागातले जुने लोक अजून पानठेल्यावर उभे राहून त्या टीमबद्दल बोलतात, आणि दर वेळी शेवट एकाच वाक्यानं करतात: "सगळी ढोमणे सरची करामत!"

सरांना हे वाक्य सहन होत नाही. अगदी तडफड होते त्यांची. मी राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात हे वाक्य बोलून बसलो आणि तेव्हाच मला संत्र्याची पहिली शिकवण मिळाली.

"हे पाह्य," सर म्हणाले, "दोन फोडी गोलकीपरच्या. तीन स्टॉपरच्या, बचावात मधोमध उभा राहाचा तो सुधाकर, त्याच्यासारखा स्टॉपर मी पुन्हा पाह्यला नाही. दोन्ही बाजूच्या बॅकच्या एक-एक. एक त्या ग्राउंडची, तिथं इतके खड्डे होते का समोरच्याचा बॉलच सरळ जात नव्हता. एक समोरच्या टीमची."

"समोरच्यांचीही?"

"मंग! त्याइनं बाहेर मारले म्हनून तर आत नाही गेले."

"अन् कोचची?"

सरांनी तोंडातली बी तळहातावर घेतली. "कोचले बिया. थुकून टाकाच्या."

मला चौकशीची खोड आहे. विम्याच्या कचेरीत तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून विचारून ती हाडात गेली आहे. इतका मोठा कोच, सगळं गाव श्रेय द्यायला उभं आणि हा माणूस खड्ड्याला फोड देतो पण स्वतःला देत नाही, हे काय गौडबंगाल? नम्रता म्हणावी तर सर नम्र अजिबात नाहीत. गाडी कशी चालवावी, पोहे कसे भिजवावेत, माझ्या बायकोनं तुळशीला पाणी किती घालावं, सगळ्यात ते स्वतःला पंडित समजतात. मी बाजू बदलून पाहिली. "सर, उभं कुठं राहायचं हे पोरांना तुम्हीच शिकवलं ना? मग निदान एक फोड?"

"शिकवलं. पन शिकवलेलं तर सगळेच कोच शिकवते. ऐकनारे कुठून आनसान? माझे पोट्टे ऐकत होते. मी 'उजवीकडे' म्हनलं का उजवीकडे, 'थांब' म्हनलं का थांब. बाकी टीमचे पोट्टे ऐकत नव्हते, एवढाच फरक. हे श्रेय कानाचं आहे, तोंडाचं नाही."

मला हे पटेना. मी वाद घालत राहिलो आणि त्या वादापायी माझी दोन हंगामांची संत्री गेली. शेवटी एका रविवारी मी वकिलासारखा एक प्रश्न टाकला. "बरं सर, गोल झाला नाही की त्याच्या अशा फोडी. पण गोल झाला तर? त्याच्या फोडी कशा करायच्या?"

सरांच्या हातात अर्धवट सोललेलं संत्रं होतं. त्यांनी ते तसंच ताटलीत ठेवलं. "दूध तापून राहिलं," असं म्हणाले आणि आत गेले. मी पंधरा मिनिटं बसलो. आत गॅस पेटल्याचा आवाजही आला नाही. मग मी आपला मुकाट्यानं खाली आलो.

महिनाभर सर माझ्याशी मोजकंच बोलत होते. त्यातच क्लबचा सुवर्णमहोत्सव आला आणि त्यांच्या सत्काराचं ठरलं. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं छापून तयार. सर जायला तयार नाहीत. क्लबचे सेक्रेटरी माझ्याकडे आले, म्हणाले, "तुमचं ऐकतात ते." कोणी उठवलं होतं कोण जाणे! तरी मी वर गेलो.

"येतो," सर म्हणाले. "पन स्टेजवर सुधाकर पाह्यजे. तो नसन तर मी नाही."

सुधाकर म्हणजे त्या तीन फोडींचा स्टॉपर. कन्हानला राहतो, कोळशाच्या खाणीत नोकरी, आता निवृत्तीला आलेला. त्या वर्षीच्या फायनलनंतर तो ग्राउंडवर कधी आला नाही आणि सरांनाही कधी भेटला नाही. तीस वर्षं! कन्हान काही काशी नाही, आमच्या घरून तासाभराचा रस्ता. सेक्रेटरी स्वतः निमंत्रण देऊन आले. सुधाकर म्हणाला, पाहतो. तेवढ्या आशेवर सर यायला तयार झाले.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. स्टेजवरची एक खुर्ची सरांनी रुमाल टाकून अडवली होती. ती रिकामीच राहिली. शाल झाली, नारळ झाला, तिघांनी तीन भाषणांत "सगळी सरांची करामत" म्हणून घेतलं. मग सर उठले. त्यांनी कोटाच्या खिशातून संत्रं काढलं आणि हॉलमध्ये हशा पिकला, कारण ही गोष्ट सगळ्या क्लबला ठाऊक होती. सरांनी ते सोललं नाही.

"त्या वर्षी पेपरवाले यायचे," ते म्हणाले. "मी सांगायचो, माझी शिस्त, माझी आखनी, माझा बचाव. अख्खं संत्रं मी एकटा खाल्लं. फायनलले शेवटचे पाच मिनिटं होते. बॉल आमच्या गोलकडे येत होता. सुधाकर तिथं उभा होता, नुसता पाय लावला असता तरी बॉल बाहेर गेला असता. मले वाटलं बॉल आपोआप बाहेर जाते. मी बाहेरून वरडलो, 'सोड!' त्यानं सोडला. बॉल खांबाले आतून लागला, गोल झाला आन आमी हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात मी सांगितलं, स्टॉपरनं ऐन वेळी पाय मागे घेतला, टीमचा घात केला. त्या गोलची एक फोड बी मी घेतली नाही. सगळी त्या पोट्ट्याले चारली."

सेक्रेटरींना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. मला मात्र माझ्या त्या रविवारच्या प्रश्नाची लाज वाटली. मी गंमत म्हणून नख लावलं होतं आणि खाली जखम निघाली होती.

पुढच्या रविवारी सकाळी सर शाल बगलेत धरून माझ्या दारात उभे. "स्कूटर काढ. कन्हानले जाऊ."

ते माझ्या मागे बसले. रस्ताभर मला गाडी हळू चालव असं एकदाही म्हणाले नाहीत, यावरून काय ते समजा. सुधाकरचं घर सापडलं. अंगणात एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस बादलीनं झाडांना पाणी घालत होता. सरांना पाहिल्याबरोबर त्यानं बादली ठेवली आणि ताठ उभा राहिला, जसा ग्राउंडवर उभा राहत असेल तसा. मग खाली वाकला. सरांनी त्याला पायाशी पोचूच दिलं नाही.

"सुधाकर, मी तुले 'सोड' म्हनलं होतं."

"नाही सर."

"नाही काय? मी म्हनलं होतं."

"तुमी काही म्हनलंच नाही सर. मीच पाय मागे घेतला. माझी चूक होती ते."

"खोटं बोलून राहिला तू!"

"नाही सर, खरंच."

सरांचा आवाज चढला. "मी वरडलो होतो गा, गावानं ऐकलं असन!"

"लोकाइचा गलका होता सर. मले काही ऐकू आलं नाही."

असं बराच वेळ चाललं. एक जण गुन्हा कबूल करतोय आणि दुसरा त्याला करू देत नाही. शेवटी आतून सुधाकरची बायको पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. "काहून खोटं बोलता वो?" ती नवऱ्याला म्हणाली. "लग्नाच्या पहिल्याच साली मले सांगितलं होतं ना तुमी, सर 'सोड' म्हनले म्हनून सोडला? आन वरून बजावलं होतं, कोनाले सांगजो नको, सरचं नाव खराब होते म्हनून."

सुधाकर खाली मान घालून मिशा चोळू लागला.

"काहून नाही आला मंग इतके वर्षं?" सरांनी विचारलं. आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"राग होता सर. खोटं काहून बोलू? तीन-चार वर्षं लय राग होता. तुमचं नाव निघालं का घरात जेवत नव्हतो. मंग पोरगी झाली, राग गेला. पन ग्राउंडवर आलो असतो तर लोकाइनं विचारलं असतं, तो गोल कसा झाला गा म्हनून. आन मले खोटं नीट बोलता येत नाही. आता तुमी पाह्यलंच."

सरांनी शाल उघडून त्याच्या खांद्यावर टाकली. मग खिशातून संत्रं काढलं, बहुतेक सत्काराच्या दिवशीचंच, सुरकुतलेलं. त्यांनी ते सोललं, फोडी सुट्या करायला गेले, पण वाळून चिकटलेली फोड निघेना. सुधाकरनं ते हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं, मधोमध दोन भाग केले, एक सरांना दिला आणि एक स्वतः घेतला. "मोजू नका सर आता," तो म्हणाला. सरांनी खाल्लं. बिया कुठं गेल्या, मी पाहिलं नाही. गिळल्या असतील.

परतताना कामठीच्या अलीकडे मला राहवेना. खोड ती खोड! "सर, एकदाचं सांगून टाका. बचाव भक्कम असला तर त्यात कोचचा वाटा किती?"

मागच्या सीटवरून सर पुढे वाकले. 

"इतक्या वर्षांनी, मी समोर उभा असताना, तो अजूनही माझ्यावर गोल होऊ देऊन नाही राहिला," सर म्हणाले. "हे मी त्याले शिकवलं का गा? सांग ना. शिकवलं म्हनू, का नको म्हनू? मले समजूनच नाही राहिलं."

मग माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकलं, सदरा ओला झाल्यासारखा वाटला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी पुढचा प्रश्न विचारला नाही. गाडी तेवढी हळू केली.