आलबेलची शीळ

बाळांनो, एका जंगलात एका मंगळवारी शांतता झाली.

दिवस तसा साधाच होता. कोतवालीण पळसाच्या शेंड्यावर बसून सकाळचे किडे टिपत होती. कोतवाल म्हणजे तो काळा, लांब शेपटीचा पक्षी. दिसायला लहान, पण नकला करण्यात असा पटाईत की ससाण्याने ससाण्याला हाक मारावी आणि ओ कोतवालाने द्यावी.

तेवढ्यात धनेश पक्षी धापा टाकत आला.

"ऐकलंत का? तह झाला. नखवाल्यांनी आणि खुरवाल्यांनी ठसे उमटवले. लढाई संपली."

"बरं झालं," कोतवालीण म्हणाली आणि चोचीतला किडा गिळला. मग तिने नदीकडे पाहिलं. मग दुसरा किडा टिपला.

नखवाले आणि खुरवाले कशासाठी लढत होते, हे विचारू नका. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. पण लढाईच्या काळात जंगलाने एक रीत पाडली होती, ती मात्र नीट ऐका. धोका दिसला की कोतवालीण ओरडायची. सगळे बिळात, ढोलीत, कपारीत पळायचे. मग तिचा नवरा उडत जाऊन चहूकडे पाहून यायचा. सगळं ठीक असलं तर आधी जरासा खोकायचा आणि मग एक लांब शीळ घालायचा. ही आलबेल. ती ऐकल्याशिवाय कोणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. ज्यांनी टाकलं त्यांची गोष्ट आज नको.

शेवटच्या खेपेला कोतवालीण ओरडली. सगळे आत गेले. कोतवाल नदीपलीकडे पाहायला गेला.

तो आला नाही. त्यामुळे सगळे अजून आतच होते.

आत काही वाईट चाललं नव्हतं. बिळाला बीळ जोडलं गेलं होतं. कंद होते, मुळं होती, शेजार होता. सशाच्या घरातलं भांडण तीन बिळं पलीकडे ऐकू जाई, त्यामुळे करमणूकही होती.

गवा कुठल्याच बिळात मावत नव्हता, म्हणून तो बाहेर होता. बाहेर होता म्हणून त्याला हंगामी सरकारचा अध्यक्ष केलं. बिबट्या उपाध्यक्ष झाला. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत नसत, एवढाच काय तो जुना प्रश्न शिल्लक होता.

मग परदेशातून रोहित पक्षी आले. ते विकासाचे तज्ज्ञ होते. एका पायावर उभं राहून ते जगभर स्वावलंबन शिकवत. त्यांनी चिखलात आराखडा काढला आणि त्याप्रमाणे जंगलातून एक सरळ रस्ता झाला. रस्त्याच्या टोकाला माळावर बाजार झाला. उद्घाटन थाटात झालं. वेलीची फीत गव्याने शिंगाने तोडली. टाळ्या बिबट्याने वाजवल्या. पंजे गुबगुबीत असल्याने आवाज झाला नाही.

गव्याने गवतापुढे भाषण केलं. भाषण संपल्यावर त्याने थोडं गवत खाल्लं.

"जनता कुठे आहे?" मोठ्या रोहितसाहेबांनी विचारलं.

"खाली," गवा म्हणाला.

"म्हणजे जनतेत बाहेर येण्याची मानसिकता नाही. प्रशिक्षण द्यावं लागेल."

पळसाच्या बुंध्याशी साळू नावाची साळिंदर राहत असे. प्रशिक्षणाचं कळल्यावर तिने बिळातूनच विचारलं, "कसलं प्रशिक्षण?"

"बाहेर येण्याचं," रोहितसाहेब म्हणाले.

"ते कुठे आहे?"

"बाहेर."

"मग कसं जमणार, साहेब? तुम्हीच आत या की."

साहेबांचे पाय बिळात मावेनात. शेवटी त्यांनी मान तेवढी आत घातली. बाहेर कसं यावं हे ऐकायला सगळं जंगल इतक्या आवडीने आत बसलं, की प्रशिक्षण वाढवावं लागलं. दुसऱ्या वर्गाला तर जागा अपुरी पडली, म्हणून बिळं आणखी खोल खणण्यात आली. तो आकडा बांधकाम क्षेत्रातल्या वाढीत धरला गेला.

मग निवडणूक आली. मतदान माळावर ठेवलं होतं, तिथे एक गव्याचं आणि एक बिबट्याचं अशी मतं पडली. लोकशाहीला एवढ्याने भागत नाही, म्हणून उमेदवारांनी बिळोबिळी जाऊन प्रचार करायचं ठरलं. गव्याने साळूच्या बिळात डोकं घातलं ते शिंगांमुळे अडकलं.

"अध्यक्ष जनतेच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच आले," वरून कोतवालीण म्हणाली, तेही थेट रोहितसाहेबांच्या आवाजात. बिळाबिळांतून हशा पिकला. गवाही हसला असावा. बाहेरून फक्त शेपटी दिसत होती.

डोकं निघाल्यावर गवा पळसाखाली आला. माती झाडून म्हणाला, "कोतवालीणबाई, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही साहेबांचा आवाज काढता. माझी शिंक काढता. मग आलबेलची ती शीळ का नाही घालत? दोन क्षणांचं काम. सगळे बाहेर येतील."

"ती ह्यांची शीळ आहे."

"हो, पण आता ते..." गवा थांबला. एवढ्या मोठ्या जनावराला एवढंसं वाक्य पुरं करता येईना. "त्या रस्त्याला आपण त्यांचं नाव देऊ."

"त्या रस्त्यावर कोणी चालत नाही, गवाराव."

"शीळ घातलीत तर चालतील."

"आलबेल म्हणजे नुसती शीळ नव्हे. आधी पाहून यायचं असतं. नदीपलीकडे कोणी जाऊन पाहिलंय का?"

"समिती नेमणार आहोत."

"मग नेमा."

गवा गेला. कोतवालीण नदीकडे पाहत बसली. पंख तिलाही होते. नदी काही लांब नव्हती. पण एकदा पाहिलं की मग पाहिलेलं असतं.

समितीची बैठक व्हायची तर सभासदांनी बाहेर यायला हवं होतं. म्हणून सरकारने आधी तज्ज्ञांकडून एक शिकवलेला पोपट मागवला. त्याने बाजाराच्या कमानीवर बसून झकास शीळ घातली. बिळांतून कोणी बाहेर आलं नाही. मग साळूचा आवाज आला.

"खोकला कुठाय?"

"कसला खोकला?" पोपट म्हणाला.

"आमचा कोतवाल आधी खोकायचा. परत जा बाबा तू."

पोपट मानधन म्हणून पेरू घेऊन परत गेला.

थोड्या दिवसांनी साळूने कोतवालिणीला हाक मारली. तिने आपलं पिलू बिळाच्या तोंडाशी आणलं होतं. ते आतच जन्मलं होतं. मातीवर उन्हाचा एक कवडसा पडला होता. पिलाने त्याला नाक लावलं.

"आई, हे काय आहे?"

"ऊन."

"ही कोणाची योजना?"

साळू हसली. कोतवालीणही हसली. हसून झाल्यावर साळूने पिलाला जरा वळवलं.

"बाई, ह्याचे काटे बघा. मऊच राहिलेत. ऊन लागल्याशिवाय कडक होत नाहीत. सगळ्यांच्या पिलांचं हेच झालंय."

कोतवालीण खाली उतरली. तिने चोचीने एक काटा हळूच दाबला. तो गवतासारखा वाकला.

"मी तुम्हाला शीळ घाला म्हणत नाही," साळू म्हणाली.

"म्हणत नाहीस. काटे दाखवतेस."

"दाखवते."

"आणि नदीपलीकडे काही असलं तर?"

"असेलही. पण इथे आत काय आहे, ते तर दिसतंय ना?"

पिलू कवडशात लोळत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती पळसाच्या ज्या फांदीवर बसली, ती तिची नव्हती. ती शेजारची, कोतवालाची फांदी होती. तिथून नदी समोर दिसते. पण तिने नदीकडे पाठ केली आणि तोंड बिळांकडे केलं.

मग ती जरासं खोकली.

जंगलभर माना उंचावल्या. मग लांब शीळ झाली. मध्ये किंचित कापली, पण ती त्याचीही कापायची, विशेषतः थंडीत.

आधी साळू बाहेर आली. मग पिलू. मग ससे, मुंगसं, खारी, घोरपडी, सगळे डोळे बारीक करून, एकमेकांना धडकत. बराच वेळ कोणाला काही दिसेना. मग मुंगसाने सशाला निरखून पाहिलं आणि ते म्हणालं, "तू इतका गोरा असशील असं तुझ्या आवाजावरून वाटलं नव्हतं."

दुपारपर्यंत रस्ता भरला. संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. नखवाली मुंगसं खुरवाल्या भेकरांना मोहाची फुलं विकत होती. साळूचं पिलू उन्हामागे माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलं आणि ऊन मावळल्यावर तक्रार करत घरी आलं. काही दिवसांत त्याचे काटे इतके कडक झाले, की त्याला जवळ घ्यायची पंचाईत झाली. साळू हे कौतुकाने सर्वांना सांगे.

रोहितसाहेबांनी अहवाल लिहिला. प्रजा बाहेर आली ती प्रशिक्षणामुळे, असा त्यात निष्कर्ष होता. तो दुसऱ्या जंगलांनाही पाठवण्यात आला. गवा निवडून आला. रस्त्याला कोतवालाचं नाव देण्याचं ठरलं होतं, पण बिबट्याच्या काकांचं नाव आधी सुचवलेलं निघालं.

समिती मात्र नेमली गेली नाही. सगळं आलबेल असताना पाहायला जायचं कशासाठी, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते सर्वांना पटलं.

कोतवालीण आता रोज उजाडताना शीळ घालते. आधी खोकते. ती शेजारची फांदीच आता तिची झाली आहे.

तात्पर्य : सगळे आलबेल आहे असे सांगण्यासाठी आधी जाऊन पाहावे लागत नाही. देश त्यावर चालतो, आणि चांगला चालतो. मुलांचे काटेही वेळेवर कडक होतात. नदीपलीकडे जाऊन पाहायचे, तेवढे राहिले आहे.