सदर पंप

सुशीला रेडकर यांना पोलिसांची नोटीस आली तेव्हा त्या मिरचीच्या वाफ्यात उकिडव्या बसून तण काढत होत्या. नोटिशीत लिहिलं होतं की, शंकर रेडकर यांचा पाण्याचा पंप चोरल्याच्या गुन्ह्यात आपण आरोपी आहात, चौकशीसाठी हजर राहावं. पंप सुशीलाबाईंचा होता. शंकर त्यांचा दीर. पंप त्याने नेला होता आणि तक्रार सुशीलाबाईंनी दिली होती.

हात धुऊन त्या चालत पोलीस चौकीवर गेल्या. हवालदार घोरपडे सहा महिन्यांपूर्वी घाटावरून बदली होऊन आले होते. त्यांनी नोटीस वाचली, मग फाइल काढून स्वतःच लिहिलेली फिर्याद मोठ्याने वाचायला घेतली.

"सदर महिला ही सदर इसमाची भावजय असून, त्यांचेमधील जुन्या वादातून त्यांनी त्यांचे मालकीचा सदर पंप त्यांचे संमतीवाचून लबाडीने नेला असून..."

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्यांदा मनात वाचलं.

"ह्यात कोणी कोणाचो न्हेलो?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"लिहिताना मला माहीत होतं," घोरपडे म्हणाले. "तालुक्याच्या साहेबांनी यातून नावं काढून कॉम्प्युटरवर भरली. त्यांनीही प्रयत्न केला असणार."

"मगे खोडा तां."

"खोडता येत नाही, बाई. गुन्ह्याला नंबर पडलाय. दुरुस्तीचा अहवाल पाठवतो. तो वर जाईल, मग खाली येईल."

"कधी?"

"ते वर गेल्यावर कळेल."

पंप पोलिसांनी शंकरच्या घरापुढच्या खळ्यातूनच उचलून आणला होता, पण कागदावर तो सुशीलाबाईंकडून जप्त झाला होता. त्यामुळे निकाल लागेपर्यंत पंप फिर्यादीने सांभाळावा असा कोर्टाचा हुकूम आला, तेव्हा घोरपड्यांना शंकरलाच बोलावणं भाग पडलं. शंकर एकसष्ट वर्षांचा, हाडकुळा माणूस. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "माका नको तो पंप."

"फिर्यादीने मुद्देमाल नाकारला तर फिर्याद खोटी धरतात. खोट्या फिर्यादीला शिक्षा आहे."

"मी फिर्याद दिलीच नाय."

"कागदावर दिलीय."

शंकरने सही केली. पंप विकणार नाही, मोडणार नाही, दुसऱ्याच्या ताब्यात देणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. जो पंप त्याने पहाटे गोणपाटात गुंडाळून लपतछपत नेला होता, तोच आता शिक्का मारलेला कागद सोबत घेऊन भरदुपारी घरी नेला. वाटेत भेटलेल्या दोघांनी अभिनंदन केलं. त्याला ते लागलं.

दीर-भावजय नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. सुशीलाबाईंचे यजमान वारले त्याच वर्षी बांधावरच्या दोन फणसांवरून वाजलं होतं. फणस पुढे वादळात पडले, पण अबोला उभा राहिला. सुशीलाबाईंचा मुलगा गोव्यात नोकरीला, तो गणपतीला यायचा आणि दोन्ही घरांत जेवायचा.

आठ दिवसांत मिरचीने माना टाकल्या. सुशीलाबाई शंकरच्या खळ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, पंप द्या. मिरची करपता."

नऊ वर्षांतलं ते पहिलं वाक्य. 

"दिवक येणा नाय. सही केलंय."

"मगे मी काय करू?"

"ताबो माझो रवाक होयो, एवढांच लिवलेला आसा," तो म्हणाला. "पाणी कोणाच्या मिरचेक जाता तां लिवक नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंप खांद्यावर घेऊन आला. व्हाळाच्या वाहत्या पाण्यात पाइप सोडला, पंप चालू केला आणि ताबा सुटू नये म्हणून तासभर पंपाला हात लावून बसला. पाणी पाजून झाल्यावर पंप उचलून परत गेला. त्यानंतर तो रोज येऊ लागला. पहिले काही दिवस पंपाच्या आवाजात बोलायची सोय नव्हती आणि दोघांनाही ते बरं वाटत होतं. मग सुशीलाबाई चहा आणून बांधावर ठेवू लागल्या. एकदा पंप बंद केल्यावरही तो बसून राहिला.

"दादा हयच बसायचो," तो म्हणाला.

"पलीकडे," सुशीलाबाई म्हणाल्या. "हय मुंगे आसत."

तो पलीकडे सरकला. त्या दिवशी त्याने कबूल केलं की पंपाची त्याला गरजच नव्हती. त्याच्याकडे पाणी घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. रोज सकाळी पलीकडून पंपाचा आवाज यायचा आणि तो आवाज सोसवायचा नाही, म्हणून नेला. सुशीलाबाईंनी वाटीभर मिरच्या त्याच्यासमोर ठेवल्या.

दोन महिन्यांनी घोरपड्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, स्पष्ट व अचूक पोलीस अहवाल. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा, कोणी, काय, कधी, कुठे ते सांगा, 'सदर' टाळा. घोरपडे परतले ते वेगळा माणूस होऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी दुरुस्तीचा अहवाल नव्याने लिहिला. 'पंप सुशीला रेडकर यांचा आहे. तो शंकर रेडकर यांनी नेला. शंकर रेडकर आरोपी आहेत.' इतका स्पष्ट कागद वर कोणी पाहिला नव्हता. तो पंधरा दिवसांत खाली आला.

कोर्टात शंकरने गुन्हा कबूल केला. ताकीद देऊन त्याला सोडलं. पंप सुशीलाबाईंच्या घरी पोहोचला, अगदी त्यांच्या नावानिशी.

दुसऱ्या सकाळी शंकर आला नाही. नंतरही नाही. सुशीलाबाई त्याच्या दारात गेल्या तर तो आतूनच म्हणाला, "आता बरां नाय दिसणा, वयनी. तुमी फिर्यादी. मी आरोपी. तसा लिवलेला आसा."

आठवड्याने त्या चौकीवर गेल्या. घोरपड्यांनी कोरा कागद घेतला, पेन उघडलं.

"बोला. काय चोरीला गेलं?"

सुशीलाबाईंनी विचार केला. "काय नाय."

"कोणी काही केलं?"

"नाय."

"मग तक्रार काय लिहू?"

त्या बाकावर बसल्या. घोरपड्यांनी वाट पाहिली. बाहेर मासळीची रिक्षा हॉर्न वाजवत गेली. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, पदर सारखा केला आणि निघाल्या.

घोरपड्यांनी कोरा कागद बाजूला ठेवला आणि स्टेशन डायरी ओढली. शिकवल्याप्रमाणे, लहान वाक्यांत, नोंद केली.

'सकाळी दहा वाजता सुशीला रेडकर चौकीत आल्या. त्यांचे काही चोरीस गेलेले नाही. त्या पाऊण तास बसल्या. नंतर एकट्या घरी गेल्या.'

त्यांनी ती दोनदा वाचली. कुठेही चूक नव्हती.