उसना नमुना

हिसार्याच्या गरम झऱ्यांवर जायची बॅग भरून झाली आणि त्सोन्काने न्याहारीच्या टेबलावर नवऱ्याला सांगून टाकलं, की तू झोपेत दात खातोस, म्हणजे तुझ्या पोटात जंत आहेत.

मेतोदीने हातातला घास बशीत ठेवला. नगरपालिकेत वर्षभर शिक्के मारायचे ते याच झऱ्यांसाठी. मानेपर्यंत गरम पाण्यात बसायचं, काठावर ताब्ला या फाशांच्या खेळाचा पट मांडायचा आणि जुन्या दोस्ताला, गेंकोला, हरवायचं. पण शौचाची तपासणी निर्दोष आल्याशिवाय तिथे तलावात पाय बुडवू देत नाहीत.

"मी लग्नातच म्हटलं होतं," सासूबाई, राइनाबाई, लसूण चावत म्हणाल्या. "हा हात धुतो तो नळाची समजूत काढण्यापुरता."

राइनाबाईंचं स्वतःचं पोट मात्र साऱ्या गल्लीला आदर्श होतं, असं निदान त्या तरी मानत. उठल्याबरोबर लसणाची पाकळी आणि त्यावर घरी गाळलेल्या राकिया दारूचा घोट. "माझ्या पोटात जंत शिरेल," त्या सांगत, "पण शुद्धीवर राहणार नाही."

त्सोन्का बाजारात गेल्यावर मेतोदी परसात आला. सासूबाई वाफ्यातली सॅलडची पानं खुडून, माती झटकून, तिथेच खात होत्या. घरची भाजी धुणं म्हणजे त्यांच्या मते तिच्यावर संशय घेणं.

"आई, एक मागायचं होतं. नाही म्हणू नका."

ऐकून त्या आधी लाजल्या, मग हळूहळू फुलल्या. इतक्या वर्षांत या जावयाने कधी साधा सल्ला मागितला नव्हता.

"आण डबी," त्या म्हणाल्या. "आणि लॅबवाल्यांना सांग, असा माल रोज मिळत नाही."

रिपोर्ट आला. मेतोदीच्या नावावर जंतांची भरपूर अंडी होती.

डॉक्टरीणबाईंनी त्सोन्काच्या देखत समजावलं, की दात खाण्याचा जंतांशी संबंध नाही, लसणाने ते मरत नाहीत आणि राकियाने झिंगतो तो माणूस. हे येतात न धुतलेल्या भाजीच्या मातीतून. घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्या, पुढे पुन्हा तपासा. झऱ्यांचं आता शरदातच बघा.

घरी आल्याबरोबर त्सोन्काने आईला बातमी दिली. "बघ, तू म्हणायचीस ते खरंच निघालं."

राइनाबाईंनी तोंड उघडलं. मेतोदीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"माणूस आहे गं," त्या म्हणाल्या. "होतं कधी कधी."

त्या दिवसापासून त्या घरात सॅलड धुतल्याशिवाय टेबलावर आलं नाही, आणि पहिली बशी जावयाच्या पुढ्यात येऊ लागली. झाकली मूठ दोघांनी मिळून धरली होती. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "माझा लागेल का? आता स्वच्छ आहे." मेतोदीने नम्रपणे नकार दिला आणि स्वतःचाच नमुना नेला. तो निर्दोष निघाला.

शरदात तो मानेपर्यंत गरम पाण्यात बसला. समोर गेंको, काठावर पट. पाण्याच्या उबेत मेतोदीची जीभ सैल झाली आणि त्याने सगळी हकिगत सांगून टाकली. गेंको खो खो हसला.

"तुझं नशीबच फुटकं, बाबा," तो फासे टाकत म्हणाला. "मी तर दरवर्षी सासूचाच देतो. आजवर एकदाही अडलं नाही."

मेतोदीने पट उचलला आणि, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणत, तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.