बोयची सोनोग्राफी

बोईसरच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी काउंटरवर बसते. तिथं रांगेत उभं राहून माशाचं नाव नोंदवणारा माणूस मी एकच पाहिला.

"पेशंटचं नाव?" मी मान वर न करता विचारलं.

"बोय."

"वय?"

"दीडेक वर्स असंल."

मान वर केली. साठीपलीकडचे गृहस्थ, हातात ओली पिशवी, पिशवीत हातभर लांब मासा. "नर हाय का मादी, येवढंच बगा, ताई."

मी भिंतीवरचा फलक दाखवला: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. त्यांनी बोट फिरवत तो दोनदा वाचला. "ह्यात बोयचं नाव कुठं हाय?" बाकावरच्या सगळ्या गरोदर बायका पोट धरून हसल्या.

हे नामाकाका. तारापूरकडच्या खाडीत जाळं टाकतात. जाळं वर आलं की प्रत्येक माशाच्या पोटावर अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "ही पोटुशी." "हा बाप." गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी पाण्यात परत सोडायची, वर सूचना: "जपून जा बाय, उड्या मारू नको." गाव त्यांना माशांची सुईण म्हणतं.

चाळीस वर्षांत अंगठा चुकला नव्हता. आता चुकायला लागला. 'बाप' म्हणून कापलेल्या बोयच्या पोटात नराची पांढरी पिशवी निघाली, पण तिच्यातच गाभोळीचे दाणे. "अर्धा बाप, अर्धी आय! हिचं लगीन कुनाशी लावायचं, ताई?" म्हणून पुढची बोय न कापता त्यांनी थेट आमच्याकडे आणली.

अर्धवट गोष्ट मला चालत नाही. माझी भाची कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ती म्हणाली, कारखान्यांच्या, गटारांच्या पाण्यातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोन्सची नक्कल करतात. नराच्या शरीराला वाटतं, आपण मादी. मग अंडी धड होत नाहीत, पिल्लं घटतात. तुमच्या खाडीत तेच झालंय का, हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

"म्हंजे माजा अंगठा बरोबर हाय!" काकांनी काउंटरवर थाप मारली. "पानीच लबाड निंगालं!" मग ते फोनवर वाकले, आवाज एकदम खाली आला. "पोरी, माजी सून पाचव्या महिन्यात हाय. खाडीची बोय मागते. देऊ?"

"तपासणी होईपर्यंत नको, काका," भाची म्हणाली.

काकांनी पिशवीला गाठ मारली आणि ते निघून गेले.

रविवारी ते बाजारात दिसले, टॉवेल नाकापर्यंत ओढलेला. जन्मात मासा विकत न घेतलेला माणूस कोळणीसमोर उभा होता. "लांबच्या पान्यातली हाय ना?" असं तिसऱ्यांदा विचारल्यावर ती भडकली, "काका, बोय घेताय का सोयरीक जमवताय?"

त्यांनी मुकाट दोन बोयी घेतल्या. वळले तर समोर मी.

"ताई, गावात बोलू नका. आपल्या खाडीची बोय खाल्ली की पोर चांगलं पोहतं, हे मीच सुनेच्या डोक्यात भरलंय. आपल्याच खाडीची म्हनून देनार."

मी पिशवीत डोकावले.

"काका, आधी बर्फ काढा. आत्ता धरलेल्या माशाला बर्फ असतो का?"

रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर आम्ही पिशवी उघडून बसलो. ते एकेक खडा वेचून रस्त्यावर टाकत होते. कल्ल्यांतला मी काढला.